ओल लागू देऊ नये

महापालिकेच्या पत्रात स्पष्ट होतं:
फक्त भेगा टिपाव्यात.
फोटो बेचाळीस, प्रत्येकात मोजपट्टी दिसावी,
माणूस दिसू नये.

एरवी मी लग्नं काढते.
कन्ना चौकात जिन्याखाली आमचा स्टुडिओ.
हळदीच्या गालावर उजेड कुठून घ्यायचा
एवढंच मला कळतं.
इमारतीला हनुवटी जरा वर करा म्हणता येत नाही.

अक्कलकोट रोडचं हे सूत भांडार
चौऱ्याहत्तर सालचं.
गिलावा नाही, रंग नाही,
खिडक्या इतक्या आत ओढलेल्या
की उन्हात डोळे बारीक करून बसल्यासारखं.
बाबांच्या सायकलवरून जाताना मला वाटायचं
बांधकाम अजून चालू आहे.
वॉचमन मल्लेशम गुंडेटींना आजही तेच वाटतं.
"पैसे संपले असतील, मॅडम. सोडलं तसंच."
मग ट्रायपॉडकडे बघत:
"पाडूलालेत त्याचं कशाला फोटू काढूलालाव?"

नऊ वाजेपर्यंत भिंत नुसती भिंत होती.
राखाडी. मुकाट.
मग ऊन, ज्याला आम्ही वर्षाचे आठ महिने शिव्या घालतो,
कौलावरून मांजर उतरावं तसं
भिंतीला अंग घासत खाली आलं
आणि भिंतीत फळ्या उगवल्या.
एकेक फळी. तिच्या शिरा. करवतीचे दात.
बैलाच्या डोळ्याएवढी एक गाठ.
दोन फळ्यांच्या फटीतून निसटून
तिथंच वाळलेला सिमेंटचा ओघळ.

ते लाकूड केव्हाच कुणाच्या चुलीत गेलं असणार.
एकदा ते इथं टेकून उभं होतं,
एवढंच काँक्रीटला पाठ आहे.
मला हसूच आलं.
हा तर आमचाच धंदा!
ओलं काहीतरी अंधारात धरून ठेवायचं,
समोरच्याला त्यावर टेकू द्यायचं.
समोरचा निघून जातो.

मल्लेशमची आई इथं पाणी मारायला होती.
एकवीस दिवस, दिवसातून तीनदा, गोणपाटावर.
घरात प्यायला दोन घागरी
आणि भिंतीला टँकर.
"लेकराला एवढं पाजलं नाही," ती अजून म्हणते.
ते लेकरू म्हणजे हे,
आता मोजपट्टीचं टोक धरून उभं,
फोटोत हात येऊ नये म्हणून
अंग चोरून.

एकतिसावी भेग दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणाला.
तिच्या वर बोटभर उंचीची अक्षरं,
उठावदार, कुठल्या लिपीतली कळेना.
घरी आल्यावर सवयीनं फोटो उलटा केला
आणि वाचता आलं:
ओल लागू देऊ नये.
रंगाच्या पेटीची फळी. तापल्या लोखंडानं डागलेली.
सेंटरिंगला लाकूड कमी पडलं असेल,
कुणीतरी पेटी फोडली असेल,
आणि ही सूचना छातीला लावून
भिंत एकवीस दिवस पाणी पीत राहिली.

उपअभियंता बिराजदारांचा फोन:
एकतीस नंबर बाद. भेग उजवीकडे हवी, तुमच्यात डावीकडे.
खरं होतं.
अक्षरं सरळ केली की भेग चुकीच्या बाजूला जाते.
अर्धा तास दोन्ही फोटो शेजारी ठेवून बसले.
मग भेग सरळ करून पाठवली.

दुसऱ्याची एक प्रत मल्लेशमना दिली.
त्यांच्या आईला वाचता येत नाही,
तिला सुलटं काय, उलटं काय.
खूप वेळ फोटोवरून बोट फिरवत होती म्हणे.
मग एवढंच विचारलं:
गळतंय का कुठं?

मी बेचाळीसच्या बेचाळीस पुन्हा पाहिले,
मोठे करकरून.
एकतिसाव्यात, अक्षरांच्या जरा खाली,
थोडं काळपट आहे.
सावली असेल.
नाही म्हणून कळवलं.